गूगल समर ऑफ कोड: पोर्टल सुटसुटीत, परीक्षा रेपोत

गूगल समर ऑफ कोड म्हणजे ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) सॉफ्टवेअरवर मानधन घेऊन काम करायचा गूगलचा उपक्रम. त्याच्या अर्जाचं पोर्टल इतकं सोपं आहे की तिथेच गफलत होते. खातं उघडायचं, संस्था निवडायची, प्रस्तावाची पीडीएफ चढवायची की काम झालं. पण निवड गूगल करत नाही. ज्या लायब्ररीकडे (इतर प्रोग्रॅममध्ये वापरायच्या तयार कोडकडे) अर्ज केलाय तिचे मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक, करतात, आणि ते पीडीएफ उघडण्याआधी रेपोत, म्हणजे तिच्या कोडच्या भांडारात, तुमचं नाव शोधतात.

२००५ पासून चालू असलेल्या या उपक्रमाला २०२२ पासून विद्यार्थी असण्याची अट नाही. वय १८ पूर्ण हवं आणि विद्यार्थी नसाल तर ओपन सोर्समध्ये नवखे असायला हवं. (नावात 'समर' कायम आहे, निम्म्या पृथ्वीवर तेव्हा थंडी असली तरी.) संस्थांची यादी साधारण फेब्रुवारीत लागते, अर्ज मार्च-एप्रिलमध्ये, निकाल मेमध्ये. यादी लागल्यावर लायब्ररी शोधायला बसलात तर उशीर झालाच म्हणून समजा.

पहिली ठेच सोर्समधून बिल्ड करताना, म्हणजे मूळ कोडवरून चालणारी प्रत बनवताना लागते. नमपाय ही पायथनची आकडेमोडीची लायब्ररी घ्या. नुसतं क्लोन केलं (रेपोची प्रत उतरवली) की सबमॉड्यूल्स, म्हणजे आत जोडलेले दुसरे रेपो, येत नाहीत आणि बिल्ड अध्येमध्ये कोसळतो. मग गिट सबमॉड्यूल अपडेटला इनिट जोडून चालवावं लागतं. पिपने (पायथनची पॅकेजेस बसवायच्या साधनाने) बसवलेली जुनी प्रत त्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये असेल तर आणखी घोळ: बदल तुम्ही सोर्समध्ये करता आणि इम्पोर्ट भलतीच प्रत होते. वेगळं एन्व्हायर्नमेंट करा, मॉड्यूलचा फाइल पाथ छापून बघा, मगच पुढे जा.

दुसरी गोष्ट पॅचची, म्हणजे कोडमध्ये पाठवलेल्या बदलाची. सिम्पायसारख्या (पायथनच्या बीजगणिताच्या) लायब्ररीत अर्जदाराचा पॅच असणं ही अटच आहे. इतरत्र ती लिहिलेली नसली तरी गृहीत धरा. इथे सगळे 'गुड फर्स्ट इश्यू' (नवख्यांना जमतील अशा तक्रारी) या लेबलवर तुटून पडतात आणि एकेका इश्यूखाली 'मला असाइन करा'ची रांग लागते. त्या रांगेत उभं राहू नका. जुना, कुणी हात न लावलेला बग उचला, पाच ओळींत तो पुन्हा घडवून दाखवा, आधी फेल होणारी टेस्ट लिहा आणि मग दुरुस्ती करा. डॉक्युमेंटेशनमधल्या स्पेलिंगच्या दहा पुल रिक्वेस्टपेक्षा (बदल सामावून घ्यायच्या विनंत्यांपेक्षा) अशी एक भारी. रिव्ह्यूला आठवडे लागू शकतात, तेवढी मुभा हातात ठेवा. रिव्ह्यूअरच्या शेऱ्यांना तुम्ही कसं उत्तर देता हेही पाहिलं जातं.

प्रस्तावात सगळ्यात जास्त माती खातं ते वेळापत्रक. 'आठवडा ४: पार्सर पूर्ण करणे' यातून मेंटॉरला काहीच कळत नाही. 'आठवडा ४: अवतरणचिन्हातली नवी ओळ हाताळणे, सध्या रीडर तिथे रेकॉर्ड तोडतो, टेस्ट: रिकामं फील्ड, दुहेरी अवतरण, अर्धवट फाइल' असं लिहिलं की तुम्ही कोड वाचलाय हे आपोआप दिसतं. शेवटचे दोन आठवडे डॉक्स आणि रिव्ह्यूसाठी मोकळे ठेवा. परीक्षा असेल तर ती तारखेसह सांगून टाका, लपवून उपयोग नाही.

आकाराचं गणितही करून बघा. प्रकल्प ९०, १७५ किंवा ३५० तासांचे असतात. ३५० तास १२ आठवड्यांत बसवायचे तर आठवड्याला साधारण २९ तास होतात. कॉलेज चालू असताना ते जमणं कठीण. मेंटॉर तयार असेल तर कालावधी २२ आठवड्यांपर्यंत ताणता येतो, म्हणजे आठवड्याला १६ तास. मात्र ही बोलणी अर्जाआधीच करायची. मानधन राहत्या देशानुसार ठरतं आणि दोन हप्त्यांत मिळतं: मधलं मूल्यमापन पार पडल्यावर ४५ टक्के, शेवटच्यानंतर ५५.

एकाला तीन प्रस्ताव देता येतात. तिन्ही द्यायचा मोह होतो, पण तीन लायब्ररींचे कोडबेस एका महिन्यात नीट वाचून होत नाहीत. एक जीव ओतून, फार तर दुसरा, बास. नमफोकस किंवा पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनसारख्या छत्री-संस्थेकडे (अनेक प्रकल्प एका छताखाली घेणाऱ्या) अर्ज करत असाल तर उपप्रकल्पाचं नाव शीर्षकातच टाका, नाहीतर प्रस्ताव नेमका कुणी वाचायचा इथपासून गोंधळ.

सर्वात खटकणारी बाब म्हणजे नकार. संस्थेला किती जागा मिळणार हे अर्ज भरताना कळत नाही, आणि उत्तम प्रस्तावही केवळ जागा संपल्यामुळे गळतो. नकाराचं पत्र येतं, पण कारण सहसा येत नाही. संस्थेच्या चॅनलवर नम्रपणे विचारलं तर काही मेंटॉर सांगतात.

मसुदा मुदतीच्या आठ-दहा दिवस आधी मेंटॉरना दाखवा. शेवटच्या दोन दिवसांत कुणाला वाचायला सवड नसते. मुदत संपेपर्यंत पीडीएफ कितीदाही बदलता येते, तेव्हा कच्ची प्रत आधीच चढवून ठेवा. मुदत यूटीसी १८:०० ची असते, आपल्या घड्याळातली मध्यरात्र नव्हे, आणि उशिरा आलेला अर्ज कोणत्याही सबबीवर घेत नाहीत.