किंग हू की चांग चेह? तलवारबाजीचा जुना चिनी सिनेमा पाहायला सुरुवात कुठून करावी

'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' (२०००) पाहिला, बांबूच्या शेंड्यांवरची ती लढाई मनात घर करून राहिली आणि आता मागे जाऊन जुनं काही पाहावंसं वाटतंय, अशांसाठी हे लिहितोय. चिनी तलवारबाजीच्या सिनेमांना वूशिया म्हणतात आणि जुने वूशिया शेकड्यांनी आहेत. पण रंगीत, रुंद पडद्यावरच्या ज्या वूशियाचा ठसा आजही दिसतो, तो घडवण्यात १९६६ आणि १९६७ या दोन वर्षांचा आणि दोन दिग्दर्शकांचा वाटा फार मोठा आहे: किंग हू आणि चांग चेह. दोघांतून एक निवडायचा असेल तर बहुतेकांना मी किंग हूचा 'ड्रॅगन इन' (१९६७) सुचवेन. मात्र काही प्रेक्षकांनी चांग चेहच्या 'वन-आर्म्ड स्वोर्ड्समन'पासूनच (१९६७) सुरुवात करावी. कोणी आणि का, ते पुढे येईलच.

दोघंही चीनच्या मुख्य भूमीवरून बाहेर पडलेले, दोघंही हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स स्टुडिओत काम करणारे. जपानी सामुराईपटांनी तेव्हा हाँगकाँगच्या प्रेक्षकाला वेड लावलं होतं. त्यांच्या तोडीचं काही आपणही करायचं, या जिद्दीने शॉ ब्रदर्सने १९६५च्या सुमाराला नव्या वूशियाची घोषणा केली. तोवरच्या तलवारपटांत फिल्मवर रेखाटलेले जादूचे किरण असायचे आणि लढाया पुष्कळदा नाटकी असायच्या. हे दोघं तिथून निघाले आणि अगदी विरुद्ध दिशांना गेले.

किंग हूचं खरं मैदान म्हणजे सराई. 'कम ड्रिंक विथ मी'मध्ये (१९६६) पुरुषी वेशातली गोल्डन स्वॅलो एका सराईत येऊन बसते. तिच्या भावाला डाकूंनी ओलीस धरलंय आणि भोवतीच्या टेबलांवर तेच डाकू बसलेत. गप्पा सुरू राहतात. हळूहळू तिच्या रोखाने वस्तू भिरकावल्या जाऊ लागतात आणि ती बसल्या जागेवरून प्रत्येकीचं उत्तर देते. तलवार अजून म्यानातच असते, पण कोण किती पाण्यात आहे हे तोपर्यंत सगळ्यांना कळून चुकलेलं असतं. 'ड्रॅगन इन'मध्ये त्याने हाच प्रसंग ताणून जवळजवळ अर्धा सिनेमा उभा केला. काळ १४५७, मिंग राजवट. एका सच्च्या मंत्र्याला ठार करून सत्ताधारी खोजाने त्याच्या मुलांना सीमेवर हद्दपार केलंय आणि आता वाटेतच त्यांचा काटा काढायला गुप्त पोलीस पाठवलेत. ते ओसाड प्रदेशातल्या एकुलत्या एका सराईत दबा धरून बसतात आणि तिथे एक परका माणूस निवांतपणे खोली मागायला येतो. विषारी दारू, आडून केलेले वार, तोंडावर मात्र आदबीची भाषा. कोण कुठे बसलंय, दार किती पावलांवर आहे, जिन्यावर कोण आहे, हे किंग हू इतकं चोख दाखवतो की वार होण्याआधीच आपण मनातल्या मनात अंतरं मोजू लागतो. मला विचाराल तर तलवारपटाची सगळी गोडी या थांबण्यात आहे.

आणि वार होतो तेव्हा तो पुरता दिसतच नाही. पात्र उडी मारतं, मधला क्षण कापलेला असतो आणि पुढच्या चित्रात ते दुसरीकडेच उतरलेलं असतं. लपवलेल्या ट्रॅम्पोलिनवरून मारलेल्या उड्या आणि निमिषभर टिकणारी दृश्यं यांतून त्याने माणसाच्या आवाक्याबाहेरचा वेग उभा केला. आजच्या संगणकी करामतींत सगळंच स्पष्ट दिसतं आणि म्हणूनच ते कमी खरं वाटतं. इथे डोळा मागे पडतो आणि मन विश्वास ठेवतं. लढायांची आखणी करणारा हान यिंग-चिए पेकिंग ऑपेरात तयार झालेला होता (ब्रूस लीच्या 'द बिग बॉस'मधला खलनायक तोच), त्यामुळे पवित्रा, नजर, थांबा आणि लाकडी टाळांचा ठोका यांचं गणित थेट रंगमंचावरून आलं. कोकणात दशावतार रात्रभर पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. तिथलं युद्धही मृदंग आणि झांजेच्या तालावरच चालतं आणि तलवार अंगाला न लागताही कोण हरला ते कळतं.

चांग चेहला अंतरात रस नाही, त्याला जखमेत रस आहे. 'वन-आर्म्ड स्वोर्ड्समन'चा नायक फांग कांग हा गुरूचा जीव वाचवताना मेलेल्या नोकराचा मुलगा. गुरू त्याला वाढवतो, श्रीमंत सहाध्यायी त्याला हिणवतात आणि एका बर्फाळ रात्री गुरूचीच मुलगी रागाच्या भरात त्याचा उजवा हात तोडते. पुढचा सगळा सिनेमा त्या हाताविषयी आहे. त्याला वाचवणाऱ्या शेतकरी मुलीकडे तलवारविद्येची एक अर्धी जळालेली पोथी असते. त्यावरून तो डाव्या हाताने शिकतो, तेही वडिलांच्या मोडक्या तलवारीने. इथे पटकथेची एक फार सुंदर खोच आहे. शत्रूने गुरूच्या घराण्याच्या तलवारी पकडून अडकवणारं हत्यार बनवलंय. धडधाकट शिष्य एकेक करून त्यात सापडतात. ज्याचा हात आणि तलवार दोन्ही अपुरे आहेत, त्याच्यावर मात्र ती युक्ती चालत नाही.

किंग हूच्या माणसांना भूतकाळ जवळजवळ नसतो. ती कामगिरीवर आलेली असतात. फांग कांगला मात्र अपमान आठवतात, उपकार फेडायचे असतात आणि शेतावर शांतपणे जगावंसंही वाटतं. जिमी वाँग यूचा चेहरा तसा मोजकेच भाव दाखवणारा, पण या भूमिकेत तो घुसमटलेला चेहराच उपयोगी पडला. हाँगकाँगमध्ये दहा लाख हाँगकाँग डॉलरच्या वर कमाई करणारा हा पहिला स्थानिक चित्रपट ठरला. तुम्ही सिनेमा माणसासाठी पाहत असाल, परिस्थितीच्या पेचासाठी नाही, तर बेलाशक इथून सुरुवात करा.

स्त्रिया कशा दिसतात, यावर माझं मत मात्र पक्कं आहे. 'कम ड्रिंक विथ मी'मध्ये गोल्डन स्वॅलो झालेली चेंग पेई-पेई बॅले शिकलेली होती, वयाने विशीच्या उंबरठ्यावर, आणि किंग हूने तिच्या स्थिर नजरेवर सिनेमा पेलला. 'ड्रॅगन इन'मध्ये शांगक्वान लिंग-फेंग, 'अ टच ऑफ झेन'मध्ये श्यू फेंग: त्याच्या स्त्रिया लढतात, कारण लढणं त्यांना येतं, आणि सिनेमा त्याचं नवल करत बसत नाही. पुढे किंग हू शॉ सोडून तैवानला गेला आणि गोल्डन स्वॅलोची पुढची कथा चांग चेहकडे आली. त्याच्या 'गोल्डन स्वॅलो'मध्ये (१९६८) नाव तिचं आहे, पण सिनेमा जिमी वाँग यूच्या आत्मनाशी तलवारबाजाने व्यापला आहे. चांग चेहला पुरुषांची मैत्री, पुरुषांचा संताप आणि पुरुषांचं रक्तबंबाळ, उभ्याने आलेलं मरण हवं होतं. ते त्याने विलक्षण ताकदीने दाखवलं. त्याचा सहायक म्हणून काम केलेल्या जॉन वूच्या बंदूकपटांत हाच वारसा उघड दिसतो. पण चेंग पेई-पेईला तिच्याच सिनेमात बाजूला सारलेलं पाहताना मला दर वेळी हळहळ वाटते.

दोघांच्या उणिवाही पाहून ठेवा. 'वन-आर्म्ड स्वोर्ड्समन'चा बराच भाग स्टुडिओत घेतलाय. बर्फ खोटं दिसतं, पडद्यावर रंगवलेलं आकाश ओळखू येतं आणि मधल्या भागात संवाद रेंगाळतात. रक्त आजच्या मानाने फार नाही, पण याच दिग्दर्शकाच्या पुढच्या सिनेमांत ते वाढत जातं, हे मुलांसोबत पाहणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. 'ड्रॅगन इन' उघड्या माळावर आणि डोंगरात घडतो, वारा आणि धूळ खरी आहे. मात्र शेवटच्या लढाईत खोजाचा दमा आणि त्याला चिडवणं हे त्याच्याशी लढणाऱ्या चौघापाचांचं हत्यार बनतं, ते आजच्या नजरेला खटकू शकतं. पात्रांशी जवळीक होत नाही, ही तक्रारही रास्त आहे.

'अ टच ऑफ झेन'ची कीर्ती ऐकून थेट त्याकडे वळू नका, एवढी मात्र विनंती. आईच्या लग्नाच्या भुणभुणीला कंटाळलेला चित्रकार, शेजारचा पडका किल्ला, तिथे राहायला आलेली अनोळखी तरुणी, असा तो संथ सुरू होतो. तीन तासांच्या या सिनेमात पहिली लढाई यायला तासभर लागतो. १९७५ साली त्याला कान महोत्सवात तांत्रिक श्रेष्ठतेचा पुरस्कार मिळाला आणि त्यातली बांबूच्या वनातली लढाई हीच 'क्राउचिंग टायगर'मधल्या लढाईची आजी. चेंग पेई-पेईही त्या २०००च्या सिनेमात जेड फॉक्स म्हणून आहेच. पण किंग हूची गती अंगवळणी पडल्याशिवाय तो पहिला तास जड जातो.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी 'ड्रॅगन इन', मग 'वन-आर्म्ड स्वोर्ड्समन'. दोन्ही दोन तासांच्या आतले आहेत, एका शनिवार-रविवारात होतात. सराईतल्या प्रसंगांत गुंतलात तर 'कम ड्रिंक विथ मी' आणि त्यानंतर 'अ टच ऑफ झेन'. फांग कांगसाठी जीव तुटला तर 'द न्यू वन-आर्म्ड स्वोर्ड्समन' (१९७१). त्यात नायक वेगळा, डेव्हिड चियांग, आणि त्याच्यासोबत टी लुंग. किंग हूचे 'ड्रॅगन इन' आणि 'अ टच ऑफ झेन' पुनरुज्जीवित प्रतीतच पाहा, कारण जुन्या फिकट, कडा कापलेल्या प्रतींत रुंद चौकटीच्या दोन टोकांना उभी असलेली माणसंच गायब होतात.