कडा न कापणारा बाइंडर: नवी पेठेतलं एक पुस्तकबांधणीचं दुकान

सोलापुरात हातानं जुजबंदी, म्हणजे घडी घातलेल्या पानांच्या जुड्या (जुजं) शिवून बांधणी, करून देणारा बाइंडर हवा असेल तर पार्क चौकातून नवी पेठेकडे या आणि कापडाच्या दुकानांमधल्या बोळात शिरा. दुकानाला पाटी नाही. दारात खतावण्यांचे गठ्ठे आणि आत पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा दिसला की पोचलात. हि. ने. (हिराचंद नेमचंद) वाचनालयात भेटणाऱ्या एका गृहस्थांनी मला हे दुकान सांगितलं. काम फार चांगलं आहे आणि ते मी खाली सविस्तर लिहिणार आहे. पण या दुकानात माझ्या हातून एक लबाडी झाली. ती लपवून मी कामाचं कौतुक केलं तर ते कौतुकही अर्धंच खरं ठरेल, म्हणून तीही सांगते.

पुस्तक होतं मराठी बायबल. मी ख्रिस्ती नाही, कुठलाच देव मानत नाही. शाळेत अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलं, सुट्टीच्या दिवशी अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम केलं. बायबल मी वाद घालण्यासाठी विकत घेतलं होतं. जिथं विसंगती दिसेल तिथं लाल पेन्सिलीची रेघ आणि कडेला बारीक अक्षरात प्रश्न. कडा अशा भरून गेल्या की कित्येक ठिकाणी शब्द कागदाच्या टोकापर्यंत गेले. एवढ्या वर्षांत पाठ फुटली, सुरुवातीच्या उत्पत्तीची पानं सुटली आणि शेवटचं प्रकटीकरण नुसतं दोऱ्याला लोंबत होतं.

बाइंडर काका साठीच्या पुढचे. बायबल हातात घेताना त्यांनी आधी खळीचे हात पुसले.

"ताई, घरचंच शास्त्र ना?"

"हो."

"किती वाचलंय बघा की! कोपरे गेलेत सगळे. कुठल्या मंडळीत जाता?"

"आता होत नाही जाणं," मी म्हणाले. मंडळी म्हणजे चर्च.

यातला एकही शब्द धडधडीत खोटा नव्हता. पण 'आता होत नाही' म्हणताना 'पूर्वी होत होतं' असं मी त्यांना वाटू दिलं. ते म्हणाले, पवित्र शास्त्राची मजुरी मी घेत नाही, साहित्याचे दीडशे द्या. एवढ्या जाडीच्या पुस्तकाला जुजबंदी आणि पूर्ण रेक्झिन यांचे ते चारशे घेतात, हे शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या पावतीवर मला दिसत होतं. तरी मी दीडशे काढून दिले.

पैशाचा मोह नव्हता. ही ख्रिस्ती माणसं आपल्यातल्याच कुणाशी कशी बोलतात ते ऐकायला मिळेल, असं मनात आलं. आमच्या कामातल्या एका मुलानं अगदी याच कारणासाठी ख्रिस्ती नाव घेऊन एका प्रार्थनेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये प्रवेश मिळवला होता. तिथल्या आजारी माणसांसाठी केलेल्या विनंत्यांचे फोटो काढून तो आम्हाला पाठवायचा आणि आम्ही हसायचो. मीही हसले आहे. दुसऱ्या बाजूनंही असंच चालतं. 'मी कट्टर नास्तिक होतो, मग मला प्रभू भेटला' ही साक्ष माझ्याकडे तीनदा आली, तीन वेगळ्या नावांनी, आणि तिन्हीत स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी होते. ते खोटं मी लगेच ओळखलं होतं. बोळात उभी राहून स्वतः तेच करत होते, तेव्हा मात्र ओळखलं नाही.

आता कामाबद्दल. आजकाल बहुतेक ठिकाणी पाठीवर मशीन फिरवून गरम गोंद ओततात. सोलापूरच्या उन्हाळ्यात तो गोंद टिकत नाही आणि पानं सुटतात. हे काका पुस्तक पूर्ण उसवतात, एकेक जुज वेगळं करतात, फाटलेल्या घडीला पातळ कागदाची पट्टी लावतात आणि मग सुई-दोऱ्यानं शिवतात. पाठीला मांजरपाट. खळ घरी शिजवलेली, त्यात मोरचूद घातलेला, म्हणजे कसर लागत नाही. एप्रिलमध्ये खळ भराभर वाळते, म्हणून खळीचं काम सकाळी नऊच्या आत उरकतात आणि दुपारभर नुसती शिवण. आठ दिवस सांगून अकरा लावले, आणि पाठीवरची सोनेरी अक्षरं डावीकडे जराशी उतरली आहेत. पण पुस्तक आता कुठल्याही पानावर उघडून टेबलावर ठेवलं तर सपाट राहतं. ज्यानं जाड पुस्तकाशी झटापट केली आहे त्याला याची किंमत कळेल.

घ्यायला गेले तेव्हा पहिली नजर कडांवर गेली. बांधणीनंतर तिन्ही बाजूंना कटिंग मारतात, कडा गुळगुळीत होते. इथं कडा खडबडीत, पानं मागंपुढं.

"कटिंग राहिलं का हो?"

"राहिलं नाही, मारलं नाही. तुमचं कडेचं लिहिलेलं गेलं असतं."

मला पुढचं बोलता येईना. काकांनीच विषय काढला. "जुजं उसवताना नजरेखालून जातंच. पहिल्याच संध्याकाळी कळलं की हे भक्तीनं वाचलेलं नाही."

म्हणजे दहा दिवस त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या शास्त्राविरुद्ध मी लिहिलेला एकेक प्रश्न शाबूत राहावा म्हणून त्यांनी स्वतःचं काम ओबडधोबड दिसू दिलं. मी तिथंच सांगितलं की मी मंडळीत कधीच जात नव्हते, तुम्हाला तसं वाटू दिलं, आणि उरलेले अडीचशे पुढं केले. त्यांनी घेतले. आढेवेढे घेतले नाहीत, हे मला फार बरं वाटलं. मग म्हणाले, "बसा की. एक ठिकाण दाखवायचंय."

लूकचा एकोणिसावा अध्याय. सत्ताविसाव्या वचनात वैऱ्यांना इथं आणून माझ्यासमोर ठार करा असं वाक्य आहे, आणि ते मी दुहेरी लाल केलं होतं. 'येशूची आज्ञा' असं कडेला लिहिलंही होतं. काकांनी बोट वर सरकवलं. "सत्तावीस लाल केलंत. अकरा नाही केलं." अकराव्या वचनात स्पष्ट लिहिलं आहे की इथून तो दृष्टांत सांगू लागला. ते वाक्य गोष्टीतल्या राजाचं आहे. दृष्टांतातला राजा कुणाचं प्रतीक, त्यातून कोणता न्याय सुचतो, यावर भांडण करता येतं आणि मी अजूनही करीन. पण 'येशूनं अनुयायांना ठार मारायला सांगितलं' असं मी दोन व्याख्यानांत म्हटलं होतं, ते चूक होतं. एकदा तर 'देव नाही असं बायबलातच लिहिलंय' म्हणून टाळ्या घेतल्या होत्या. स्तोत्र चौदातलं ते वाक्य आहे: मूढ मनात म्हणतो, देव नाही. मूढ मी गाळला होता.

त्यांच्या मेजावर घडी घालायला आलेल्या पत्रकांचा गठ्ठा होता, कुण्या गिऱ्हाइकाचा. त्यावर डार्विननं मरताना पश्चात्ताप करून ख्रिस्ताला स्वीकारलं, ही गोष्ट छापली होती. आता माझी पाळी होती. डार्विन १८८२ साली वारला. लेडी होप नावाच्या बाईंच्या नावानं ही कथा छापून आली १९१५ साली, अमेरिकेत. डार्विनची मुलगी हेन्रिएटा हिनं १९२२ साली लिहिलं की शेवटी वडिलांजवळ मी होते, लेडी होप नव्हत्या, आणि वडिलांनी आपली शास्त्रीय मतं कधी मागं घेतली नाहीत. पत्रकात खाली डोळ्याबद्दलचंही वाक्य होतं: डोळा निसर्गनिवडीनं घडला हे म्हणणं अगदी विसंगत वाटतं, असं डार्विननंच कबूल केलं. १८५९ च्या पुस्तकात ते वाक्य आहे खरं, पण त्याच्या लगेच पुढं साध्या डोळ्यापासून गुंतागुंतीच्या डोळ्यापर्यंतच्या पायऱ्या कशा शक्य आहेत ते त्यानं मांडलं आहे. "म्हणजे यांनीही अकरावं वचन गाळलंय," काका म्हणाले. त्यांनी एक पत्रक बाजूला काढलं, गिऱ्हाइकाला दाखवायला. ते गिऱ्हाईक पुढचं काम घेऊन दुसरीकडं गेलं, हे मला नंतर कळलं. काकांनी ते तक्रार म्हणून सांगितलं नाही.

त्यानंतर मी शनिवारी संध्याकाळी तिथं जाते. पुस्तकबांधणीच्या दुकानाच्या परीक्षणात हे कशाला, असं वाटेल. मला तरी ते कामापासून वेगळं काढता येत नाही.

एकदा मी त्यांना अमेरिकेतला एक प्रयोग सांगितला. ब्रायन कॅप्लन या अर्थशास्त्रज्ञानं २०११ साली कसोटी सुचवली: विरोधकाची बाजू अशी मांडा की ऐकणाऱ्याला तुम्ही विरोधकांपैकीच वाटाल. लीया लिब्रेस्को ही तरुणी तेव्हा नास्तिक होती. तिनं त्याच वर्षी ही कसोटी नास्तिक आणि ख्रिस्ती यांच्यात घेतली. नास्तिकांनी ख्रिस्ती होऊन लिहायचं, ख्रिस्त्यांनी नास्तिक होऊन, आणि वाचणाऱ्यांनी खरा कोण ते ओळखायचं. इथं सोंग सगळ्यांना माहीत असतं, फसवणूक कुणाची होत नाही. पुढच्याच वर्षी लीया स्वतः कॅथॉलिक झाली. हे शेवटचं मला गाळावंसं वाटलं होतं. काकांसमोर गाळता आलं नाही.

आम्हीही एकेक पान लिहून आणलं. माझ्या पानावरचा ख्रिस्ती माणूस नरकाच्या भीतीनं प्रार्थना करत होता, मेल्यावर काय या काळजीनं चर्चला जात होता. काकांनी वाचून ठेवून दिलं. "हा माणूस मला कधी भेटला नाही. माझी बायको गेली तेव्हा मी प्रार्थना केली ती भीतीनं नाही केली, बाई. कुणाला तरी सांगायचं होतं." त्यांच्या पानावरचा नास्तिक म्हणत होता, मला विचारणारा कुणी नाही, आता मी वाटेल ते पाप करायला मोकळा. मी म्हटलं, काका, माझी आई गेली तेव्हा ती कुठं तरी आहे असं मला म्हणता आलं असतं तर सोपं गेलं असतं. मी म्हटलं नाही, कारण मला ते खरं वाटत नव्हतं. मोकळं वगैरे काही वाटलं नाही. दोघांचीही पानं नापास. पुन्हा लिहायचं ठरलं आहे.

नरेंद्र दाभोलकर सांगत की अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा विरोध देवाला किंवा धर्माला नाही, त्यांच्या नावानं होणाऱ्या शोषणाला आहे. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला, त्यानंतर प्रत्येक सभेत मी हे वाक्य म्हटलं आहे. २०२० साली शेजारच्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष झाले. धर्मगुरू आहेत म्हणून त्यांना विरोध झाला, तेव्हा त्यांच्या बाजूनं मी तावातावानं बोलले होते. मोठ्या मंचावरच्या माणसाशी न्यायानं वागणं मला जमलं होतं. समोर खळीचे हात पुसणाऱ्या माणसाशी पहिल्या दिवशी जमलं नाही, ही बोच अजून आहे. त्या ग्रुपमध्ये शिरलेल्या मुलाला मी बाहेर पड म्हटलं. तो म्हणाला, ते लोकही हेच करतात. आमचं बोलणं सध्या बंद आहे.

जाणाऱ्यांसाठी: मार्चअखेरीला जाऊ नका, पतसंस्थांच्या आणि यंत्रमाग कारखान्यांच्या खतावण्यांनी दुकान भरलेलं असतं. सांगितलेल्या तारखेत तीन-चार दिवस मिळवूनच धरा. सोनेरी अक्षरं हवी असतील तर मजकूर कागदावर सुवाच्य लिहून द्या आणि रेघ सरळ मारायला सांगा. कडेला काही लिहिलेलं असेल तर आधी दाखवा. ते स्वतःही बघतात, पण दाखवा. अर्ध्या रेक्झिनला अडीचशे, पूर्णला चारशे. पावती मागितली तरच मिळते. रविवारी बंद.