नर्सिंग असिस्टंटच्या कोर्समध्ये माझी फसवणूक कशी झाली

मी तासगाव तालुक्यातली. बारावी आर्ट्स करून घरी होते, तेव्हा सांगलीतल्या एका इन्स्टिट्यूटचं हँडबिल हातात पडलं. सहा महिन्यांत नर्सिंग असिस्टंट, शासनमान्य सर्टिफिकेट, नोकरीची शंभर टक्के हमी, पुढं अमेरिकेची संधी. फी ४८,००० रुपये. दर चढायची वाट न बघता अण्णांनी कोल्ड स्टोरेजमधला बेदाणा काढला आणि रोख पैसे भरले. पावती मिळाली १०,००० ची, तीही ‘देणगी’ लिहिलेली. बाकीची कोर्स संपल्यावर देतो म्हणाले. बारावीची मूळ मार्कशीट तपासणीच्या नावाखाली ठेवून घेतली. अण्णांना तिथंच खटकलं होतं. मीच म्हटलं, "राहू द्या अण्णा, सर चांगले आहेत."

दोन महिने वहीत लिहून घेतलं. मग ‘प्रॅक्टिकल’ म्हणून एका खाजगी हॉस्पिटलात पाठवलं. बारा-बारा तास, बहुतेक नाईट, चार महिने, एक रुपया न देता. खरं शिकले ते तिथल्या जुन्या मावश्यांकडून. पडून असलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. लघवीची पिशवी कायम पेशंटच्या कमरेच्या खाली ठेवायची. अर्धांगवायूच्या माणसाला सदरा घालताना आधी लुळ्या हातात बाही, काढताना आधी चांगल्या हातातून. हे काम मला मनापासून आवडलं, म्हणूनच राग जास्त आहे.

एका रात्री सिस्टर कमी होत्या म्हणून मला इंजेक्शन द्यायला लावलं. हात थरथरत होते. पेशंटला काही झालं नाही, पण झालं असतं तर? असिस्टंटचं काम अंघोळ, खाणंपिणं, उठवणं-बसवणं, स्वच्छता, नोंदी हे आहे. इंजेक्शन-सलाईन तिचं काम नाही. कुणी लावलं तर ठाम नाही म्हणा.

शेवटी सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट मिळालं. ते घेऊन मिरजेत एका हॉस्पिटलात मुलाखतीला गेले. मेट्रन मॅडमनी कागद उलटसुलट करून बघितला. "पोरी, हे कुणी दिलं तुला? ह्या नावाची कौन्सिल मी कधी ऐकली नाही." त्यांनी मला समोर बसवून सगळं समजावलं. नर्स म्हणायचं तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव नोंदलेलं लागतं, आणि ते दोन वर्षांचं एएनएम, तीन वर्षांचं जीएनएम किंवा चार वर्षांचं बीएस्सी केल्यावरच होतं. असिस्टंटचा खरा कोर्सही आहे, त्याला जनरल ड्युटी असिस्टंट म्हणतात. तो हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचा असतो. तो केला म्हणून कुणी नर्स होत नाही. माझ्या इन्स्टिट्यूटनं सहा महिने ह्या दोन गोष्टी मुद्दाम एकात मिसळल्या होत्या.

तरी इन्स्टिट्यूटच्या सरांचा फोन आलाच. आणखी ८०,००० भरा, ‘सीएनए’ करून अमेरिकेला पाठवतो. मेट्रन मॅडमची पुतणी तिकडे नर्स आहे, म्हणून हे पैसे तरी वाचले. सीएनए म्हणजे तिकडची असिस्टंट. त्यासाठी तिथल्या राज्यानं मान्य केलेलं ट्रेनिंग लागतं. तिथल्या केंद्राच्या कायद्यानं ते किमान ७५ तासांचं, त्यातले १६ तास देखरेखीखालचं प्रॅक्टिकल. मग परीक्षा, मग राज्याच्या यादीत नाव. त्यानंतर ह्या असिस्टंट वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये, हॉस्पिटलात, घरोघरी काम करतात. सांगलीत छापलेल्या कागदावर यातलं काहीच होत नाही. शिवाय परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी लागते. ती सरकारच्या ई-मायग्रेट वेबसाइटवर बघता येते, आणि त्याला ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढीच फी घेता येते. सरांना नोंदणी नंबर विचारला, तेव्हापासून ते फोन उचलत नाहीत.

मार्कशीटसाठी सात हेलपाटे मारले. आठव्या वेळी अण्णा भावकीतली चार माणसं घेऊन गेले, तेव्हा ती टेबलावर आली. पैसे नाहीत.

आता मी मिरजेत वॉर्डात असिस्टंट आहे. पगार थोडा, पण दर महिन्याला हातात येतो. आमच्यातल्या काही जणी वृद्धाश्रमात, काही घरी पेशंट सांभाळायला बाया पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत लागल्या. ब्युरोत जाणार असाल तर त्यांचं कमिशन किती आणि सुट्टी कधी, हे आधी कागदावर घ्या. मी पैसे साठवतेय, एएनएमचा फॉर्म भरायचाय.

पोलिसांकडे अर्ज दिलाय, सह्या फक्त तिघींच्या. बाकीच्या मुलींच्या घरचे म्हणतात, पोरीच्या लग्नाचं बघायचंय, नाव नको. तुमच्याकडे ‘देणगी’ लिहिलेली अशी पावती असेल तर ती फाडू नका. आमच्याबरोबर या, अर्जाला जोडू.