यामाहा, सोनी की डेनॉन? रिसीव्हर ठरवण्याआधी त्याचा रिमोट हातात घ्या

सांगली-मिरजेत कुणी होम थिएटरचा विषय काढला की पहिला प्रश्न येतो तो वॅटचा. किती वॅटचा घेतलास, बेस कसा आहे, खिडक्या थरथरतात का. रिमोटबद्दल कुणी विचारत नाही. तो खोक्यात सेलसकट येतो, आणि दुकानात डेमो देताना तो दुकानदाराच्या हातात असतो, आपल्या नाही. घरी आल्यावर मात्र रोज संबंध येतो तो त्याच्याशीच. विकत घेणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला परत जातो आणि आई-बाबांकडे टीव्हीचा, डिशचा आणि रिसीव्हरचा (स्पीकरांना आवाज पुरवणाऱ्या डब्याचा) असे तीन रिमोट राहतात. पुढच्या सुट्टीत तो येऊन बघतो तर रिसीव्हर बंद, आणि बातम्या टीव्हीच्याच बारक्या स्पीकरवर चालू. म्हणून या तुलनेत आवाजापेक्षा थोडं जास्तच वजन मी रिमोटला दिलं आहे.

तीन रिसीव्हर समोर ठेवू: यामाहा आरएक्स-व्ही385, सोनी एसटीआर-डीएच590 आणि डेनॉन एव्हीआर-एक्स1700एच. पहिले दोन 2018 चे, पाच स्पीकर आणि सबवूफर चालवणारे, साधे. दोघांत ब्लूटूथ आहे, वायफाय नाही. डेनॉन 2021 चा आणि एका पायरीने वरचा: 7.2 चॅनेल (सात स्पीकर, दोन सबवूफर), डॉल्बी अ‍ॅटमॉस म्हणजे डोक्यावरूनही येणारा आवाज, वायफाय. त्याच्यानंतर एक्स1800एच आला, पण रिमोटची रीत तीच आहे. किमती सणासुदीला आणि दुकानागणिक बदलतात, त्यामुळे त्यांच्या फंदात मी पडत नाही.

वॅटचं आधी उरकून घेऊ. सोनीच्या जाहिरातीत 145 वॅट दिसतात. ते एकच चॅनेल चालू ठेवून, एकाच सुरावर मोजलेले. दोन चॅनेल चालू ठेवून 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झपर्यंत मोजलं की सोनी 90 वर येतो आणि यामाहा 70 वर, दोन्ही 6 ओहमच्या स्पीकरला (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध). डेनॉन 80 वॅट देतो, पण 8 ओहमला. आता 70 आणि 90 मधला फरक कानाला किती? जेमतेम एक डेसिबल. आवाज तीन डेसिबलने वाढवायचा तर वॅट दुप्पट लागतात. दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये या तिघांपैकी कुठलाही कमी पडणार नाही. वॅटसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा ते मधल्या स्पीकरवर घाला, कारण सिनेमातले बहुतेक संवाद त्यातूनच येतात.

आता रिमोट. यामाहाच्या रिमोटवर ‘सीन’ नावाची चार बटणं आहेत आणि माझ्या मते या पट्टीतली ही सगळ्यात कामाची सोय आहे. बीडी-डीव्हीडी, टीव्ही, सीडी आणि रेडिओ अशी त्यांची मूळची नावं, पण नावाला बांधून राहायचं कारण नाही. डिशचं इनपुट लावा, हवा तो साउंड प्रोग्राम निवडा आणि ‘टीव्ही’चं सीन बटण काही सेकंद दाबून धरा. डिस्प्लेवर जपून ठेवल्याची खूण आली की झालं. त्यानंतर रिसीव्हर झोपलेला असला तरी तेच एक बटण दाबलं की तो उठतो, डिशवर जातो आणि ठरवलेल्या पद्धतीने आवाज देतो. आईला सांगायला एकच वाक्य पुरतं: "टीव्ही बघायचा असला की हे दाब." बटणावर लाल टिकली चिकटवली की तेही सांगावं लागत नाही. बाकी रिमोट गिचमिड आहे, अक्षरं बारीक आहेत आणि अंधारात दिसत नाहीत. पण चार बटणांपलीकडे घरातल्या माणसांना जावंच लागत नाही.

डेनॉनमध्ये याचंच भावंड आहे, ‘क्विक सिलेक्ट’, एक ते चार. तेही दाबून धरूनच भरायचं. यात इनपुट आणि साउंड मोडबरोबर आवाजाची पातळीही जपली जाते, आणि हा मोठा फायदा आहे. रात्री कुणीतरी सिनेमा बघताना आवाज चढवून ठेवतो, सकाळी आजोबा बातम्या लावतात आणि घर दणाणतं. क्विक सिलेक्ट दाबलं की आवाज आपोआप ठरलेल्या जागी येतो. त्याखेरीज यामाहात आणि डेनॉनमध्येही आवाजाची कमाल मर्यादा सेटअपमध्ये बांधून ठेवता येते. लहान मुलं असलेल्या घरात पहिल्याच दिवशी हे करा, स्पीकर वाचतील. डेनॉनचा रिमोट लांब आहे. वरच्या भागात प्रत्येक इनपुटला स्वतंत्र बटण, खाली क्विक सिलेक्ट आणि मूव्ही, म्युझिक, गेम, प्युअर. बटणं पुष्कळ असली तरी मांडणीत शिस्त आहे. दोन-चार दिवसांत अंगठा आपला आपण जागेवर जातो.

सोनीचा रिमोट तिघांत लहान आणि हलका. बटणं कमी, त्यामुळे पहिल्या नजरेत हाच सोपा वाटतो आणि दुकानात बहुतेकांना हाच आवडतो. पण सीन किंवा क्विक सिलेक्टसारखं एका दाबात सगळं जुळवणारं बटण त्यावर नाही. घरात डिश आणि फायर स्टिक दोन्ही असतील तर इनपुट आधी, साउंड फील्ड (सोनीचा साउंड प्रोग्राम) नंतर, असं दोनदा करायचं. टीव्हीही सोनीचा असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा टीव्हीच्या रिमोटवरच बरंचसं निभावतं आणि रिसीव्हरचा रिमोट कपाटात गेला तरी अडत नाही.

ही टीव्हीच्या रिमोटची वाट तिन्ही रिसीव्हरना खुली आहे आणि ती नीट समजून घेतली तर निम्मी डोकेदुखी संपते. टीव्हीमागे एचडीएमआयचं एक भोक एआरसी असं लिहिलेलं असतं; त्यातून टीव्हीचा आवाज उलट रिसीव्हरकडे जातो. रिसीव्हरची आउटची वायर त्यातच घालायची. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे त्याच वायरीतून एका उपकरणाने दुसऱ्याला हुकूम द्यायची सोय, चालू करायचं. सॅमसंगच्या टीव्हीत ते अ‍ॅनीनेट प्लस नावाने सापडतं, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. रिसीव्हरच्या मेनूतही एचडीएमआय कंट्रोल चालू करायचं. एवढं केलं की टीव्ही लावला की रिसीव्हर उठतो, टीव्हीच्या रिमोटने रिसीव्हरचाच आवाज कमी-जास्त होतो आणि टीव्ही बंद केला की तोही झोपतो. डिशचा रिमोट टीव्हीच्या आवाजासाठी जोडून घेतलेला असेल तर आणखी मजा: डिशच्या रिमोटचं बटण टीव्हीला खूण देतं, टीव्ही ती वायरीतून रिसीव्हरला कळवतो, आणि एकाच रिमोटवर चॅनेलही बदलतो आणि स्पीकरचा आवाजही. कंपन्या वेगवेगळ्या असल्या की सीईसी कधीमधी रुसतं. अशा वेळी तिन्ही उपकरणांचे प्लग काढून थोड्या वेळाने पुन्हा लावले की बहुधा ताळ्यावर येतं.

घरात वडीलधारी असतील तर आणखी एक सेटिंग विसरू नका. डिश रिसीव्हरमधून टीव्हीला जोडली असेल आणि रिसीव्हर बंद असेल, तर टीव्हीवर चित्रच येत नाही. पहाटे पाचला अभंग लावायला बसलेल्या आजोबांसमोर काळा पडदा. यावर उपाय प्रत्येकात दिलेला आहे. यामाहात त्याला स्टँडबाय थ्रू म्हणतात, डेनॉनमध्ये पास थ्रू, सोनीतही तो आहे. तो चालू केला की रिसीव्हर झोपलेला असतानाही चित्र आणि आवाज टीव्हीपर्यंत पोचतात. किंवा डिश सरळ टीव्हीलाच जोडा आणि आवाज एआरसीतून रिसीव्हरकडे आणा. ज्या घरात रिसीव्हर फक्त सिनेमालाच लावतात तिथे मी हीच जोडणी सुचवतो.

सगळ्यांसाठी एकच रिमोट घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. लॉजिटेकचे हार्मनी रिमोट या कामात नावाजलेले होते, पण कंपनीने 2021 साली ते बनवणं थांबवलं. जुना हार्मनी कुणी देत असेल तरी आता त्यात पैसे अडकवू नयेत असं मला वाटतं. दुसऱ्या रिमोटची खूण शिकून घेणारे लर्निंग रिमोट स्वस्तात मिळतात आणि आवाज, म्यूट, पॉवर एवढ्यापुरते चांगले चालतात. शाओमीच्या बऱ्याच फोनांत वरच्या कडेला इन्फ्रारेडचा ठिपका असतो. त्याच्या रिमोट अ‍ॅपमधून यामाहा आणि सोनी दोन्हीला खूण देता येते. ते संकटकाळी उत्तम, पण घरातल्या सगळ्यांचा रिमोट म्हणून नाही, कारण फोन त्याच्या मालकाबरोबर बाहेर जातो. वायफायवरून चालणारं अ‍ॅप या तिघांत फक्त डेनॉनला आहे.

खोलीला आवाज जुळवण्यासाठी तिघांबरोबरही माइक येतो. आपल्याकडच्या हॉलमध्ये खाली फरशी, भिंती उघड्या आणि समोर काचेचं शोकेस, म्हणून आवाज घुमतो. यामाहाची वायपीएओ आणि सोनीची डीसीएसी ही मोजणी पटकन उरकते. डेनॉनची ऑडिसी आठ ठिकाणांपर्यंत माइक ठेवून मोजते आणि फरक ऐकू येतो, विशेषतः बसायच्या जागा दोन-तीन असतील तर. माइक हातात धरू नका, सोफ्यावर कानाच्या उंचीला काहीतरी रचून ठेवा. पंखा बंद, कुकर बंद, रस्त्याकडच्या खिडक्या बंद. पण माइकने फरशीचा घुमारा जात नाही. त्यासाठी जाड सतरंजी आणि पडदे लागतात, आणि ते तिन्ही रिसीव्हरना सारखेच लागतात.

गाणं ऐकणाऱ्यांसाठी थोडं थांबून सांगतो, कारण 1843 साली विष्णुदास भाव्यांनी जिथे ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आणलं त्या गावात नाट्यसंगीत ऐकणारी घरं अजून आहेत, आणि शेजारी मिरजेत तंबोरे घडतात. सराउंडच्या कुठल्याही प्रोग्रामवर तंबोरा लावून बघा. जवारीचा जो बारीक, सोनेरी गुंजारव असतो तो मागच्या स्पीकरांत पसरतो आणि गायकाचा गळा लांब गेल्यासारखा वाटतो. दोनच स्पीकरवर, काही न मिसळता लावा. तंबोरा गायकाच्या पाठीशी नीट उभा राहतो. डेनॉनवर यासाठी प्युअरचं बटण थेट रिमोटवर आहे आणि ते क्विक सिलेक्टमध्येही भरून ठेवता येतं. सोनीवर टू-चॅनेल स्टीरिओ, यामाहावर डायरेक्ट. गाणं हीच मुख्य गरज असेल तर मी डेनॉन घेईन. सिनेमा अधूनमधून आणि टीव्ही रोज, हातात बेताचे पैसे, घरात म्हातारी माणसं: यामाहा, सीनच्या बटणांसाठी. टीव्ही सोनीचा आणि मागणी फार नाही: सोनी. डिश, स्टिक, गेमचा डबा आणि लॅपटॉप असे चार जोड यामाहा आणि सोनीत बसतात. त्याहून जास्त असतील तर डेनॉनची सहा भोकं लागतील.

ठेवायची जागा रिमोटच्या दृष्टीनेही बघा. साध्या पारदर्शक काचेतून रिमोटची खूण जाते, लाकडी दारातून नाही. पण काच बंद ठेवून रिसीव्हर चालवला तर तो तापतो; वर फूटभर मोकळी जागा हवी आणि त्यावर डिशचा डबा ठेवायचा नाही. गावभागात किंवा नदीकडच्या पेठांत तळमजल्यावर राहणाऱ्यांनी 2019 आणि 2021 चे महापूर ध्यानात ठेवून खालचा कप्पा टाळावा. स्पीकरच्या वायरींना बनाना प्लग लावून घ्या आणि कुठली वायर कुठली ते चिकटपट्टीवर लिहून ठेवा, म्हणजे पाणी चढायला लागलं की सगळं दहा मिनिटांत सुटतं आणि माडीवर जातं. डेनॉनला हे प्लग सगळीकडे बसतात. स्वस्त रिसीव्हरांत काही ठिकाणी स्प्रिंगचे क्लिप असतात, तेव्हा मागची बाजू बघूनच ठरवा. घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा हवा, नाहीतर स्पीकरमधून गुरगुर ऐकू येते.

जुना घेत असाल तर मूळ रिमोट आणि मोजणीचा माइक आहे का, हे आधी विचारा. टीव्ही आणि डिशचे रिमोट कुठल्याही दुकानात मिळतात, रिसीव्हरचे मॉडेल नंबर देऊन मागवावे लागतात, आणि बहुतेक रिसीव्हरांच्या सेटअपमध्ये रिमोटशिवाय शिरणं अवघड असतं. रिमोट चालू आहे का ते फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबून बघा. टोकाचा दिवा पडद्यावर जांभळट लुकलुकला तर खूण जाते आहे. मग प्रत्येक बटण दाबून रिसीव्हर ओ देतो का पाहा, आवाजाची दोन आणि सीन किंवा क्विक सिलेक्टची चार तर नक्कीच, कारण सर्वात आधी झिजतात ती हीच.