अकरा महिने ओटीजी वापरल्यावर: बटणावरच्या आकड्यावर जाऊ नका

वॉरंटी संपायला महिना राहिलाय, म्हणून आत्ताच लिहिते. किती लिटर, किती वॅट हे तुम्ही बघितलंच असेल. मला बोलायचंय ते या ओटीजीच्या, म्हणजे घरगुती विजेच्या भट्टीच्या, तापमानाच्या बटणाबद्दल. त्यापायी माझे चार अक्रोड केक वाया गेले. प्रत्येकात २०० ग्रॅम बटर आणि १०० ग्रॅम अक्रोड, हिशेब तुम्हीच करा.

मी पंधरवड्यातून एकदा पाउंड केक करते. मैदा, बटर, साखर, अंडी सगळं समान वजनाचं. मुळात प्रत्येकी एक पाउंड, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम घेत, त्यावरूनच हे नाव पडलं. आम्ही घरात तिघंच, म्हणून चार अंडी फोडून वजन करते, २०० ग्रॅमच्या आसपास भरतं, बाकीचंही तेवढंच. बटर खारट असतं, त्यामुळे वेगळं मीठ नाही. बेकिंग पावडरही नाही. केक फुगतो तो बटर-साखर फेटताना आत भरलेल्या हवेवर आणि अंड्यांवर, त्यामुळे भट्टी नीट नसेल तर सावरून घ्यायला दुसरं काहीच नसतं.

पहिला केक वरून करपला, मध्ये कच्चा. चूक माझीच वाटली, कारण बटर गार होतं आणि अंडी थेट फ्रिजमधली, मिश्रण फाटलं होतं. दुसऱ्या वेळी सगळं दोन तास बाहेर काढून ठेवलं. तेच झालं. तिसऱ्याला वरून फॉइल लावली. चौथ्याला वर पेरलेले अक्रोड काळे पडून कडू झाले आणि मला रडू आलं.

मग चारशे रुपयांचा ओव्हन थर्मामीटर आणून आत जाळीला टांगला. बटण १६० वर, काटा १९५ वर! अर्धा तास समोर बसून बघितलं. रॉड बंद-चालू होताना काटा थोडा खाली-वर व्हायचा, पण १८० च्या खाली एकदाही आला नाही.

सर्व्हिसवाल्यांचं उत्तर: "मॅडम, सगळ्या ओटीजीत थोडा फरक असतोच." असतो, मान्य. पण ३५ अंश म्हणजे थोडा? तीन आठवडे, पाच फोन, काट्याचे फोटो. शेवटी एक मुलगा आला, त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान राखणारा भाग, बदलून दिला. वॉरंटीत असूनही व्हिजिट चार्ज मागितला, तो मी दिला नाही.

नव्या थर्मोस्टॅटवर आता भट्टी बटणावरच्या आकड्यापेक्षा १५ अंश कमी तापते. इथवर मी एकच स्टार देणार होते. पण चार-पाच वेळा तपासलं, दरवेळी तेवढाच फरक. म्हणजे त्यावर भरवसा ठेवता येतो. पट्टीवर पेनाने लिहून दारावर चिकटवलंय: १६० हवं तर बटण १७५. तेव्हापासून एकही केक बिघडला नाही. तासाभराने सुरी कोरडी निघते, वर मधोमध ती लांब भेग पडते आणि भेगेच्या आत फिकट पिवळं दिसतं. इतकं छान वाटतं ते बघून!

अक्रोडाचंही आता जमलंय. १६० वर आठ-दहा मिनिटं, घरभर वास सुटला की लगेच बाहेर. कोमट असताना पंच्यात चोळले की सुटी सालं निघतात, कडवटपणा बराच जातो. जाडसर तुकडे चमचाभर मैद्यात घोळवून सगळ्यात शेवटी घालते, तळाशी बसत नाहीत. उरलेले फ्रीझरमध्ये, नाहीतर उन्हाळ्यात खवट होतात.

तीन स्टार. याच कंपनीचा दुसरा घेणार नाही, हा विकणारही नाही. थर्मामीटर मात्र आतच टांगलेला असतो, आणि वॉरंटी संपायच्या आत खालचा रॉड एकदा तपासून घेणार आहे.