काटोलकडच्या उतारावरची धूप मोजायचीय: सिझियम, शिसं की बेरिलियम?

नागपूरहून काटोलकडे निघालं की संत्र्याच्या बागांत वरच्या अंगाला मुरूम उघडा पडलेला आणि खालच्या धुऱ्याशी माती साचलेली दिसते. धूप होतेय हे सांगायला यंत्र लागत नाही. किती होतेय, हे मोजायचं असेल तर आधी ठरवा: किती वर्षांची?

मातीला चिकटलेले किरणोत्सारी पदार्थ मोजून हे कळतं. पन्नास-साठ वर्षांची हवी असेल तर सिझियम-१३७. १९५०-६०च्या दशकांतल्या अणुचाचण्यांतून तो जगभर पडला, १९६३च्या सुमारास सर्वाधिक, आणि चिकणमातीच्या कणांना धरून बसला. माती गेली की तोही जातो. सपाट, न खणलेल्या जागेशी तुलना करायची. समजा, तिच्या तुलनेत नांगरणीच्या २० सेंटिमीटर थरातला ३० टक्के सिझियम ६० वर्षांत कमी झाला. म्हणजे ढोबळमानाने ६ सेंटिमीटर माती, वर्षाला १ मिलिमीटर. एवढुसा वाटतो, पण हेक्टरी जवळपास १३ टन भरतो.

अडचण अशी की अर्धायुष्य, म्हणजे निम्मा विरायला लागणारा काळ, ३० वर्षांचं, त्यामुळे १९६३चा साठा आता पावभरच उरलाय. एकेका नमुन्याला गॅमा किरण मोजणाऱ्या यंत्रावर बऱ्याचदा अख्खा दिवस लागतो. त्यात आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरची माती भेगांतून खाली जाते आणि 'न हललेली' जागाही हललेली निघते. शक्यतो उथळ, मुरमाड जमीन निवडा.

शिसं-२१० निसर्गातच तयार होतं आणि सतत पडत राहतं, म्हणून शंभरेक वर्षांचा अंदाज देतं. पण जमिनीतलं मूळचं शिसं वजा करायला नमुना तीनेक आठवडे हवाबंद ठेवावा लागतो. नुसतं शिसं मी वापरणार नाही. सिझियमच्या जोडीला ठीक.

बेरिलियम-७ वेगळाच गडी. अर्धायुष्य ५३ दिवस, बसतो वरच्या दोनेक सेंटिमीटरांतच. एका पावसाळ्यात नवा समतल बांध कामाला आला का, हे सांगणारा तिघांत तोच.

कोणताही निवडा, शेतकऱ्याला आधी विचारा: 'काका, वावरात तलावाचा गाळ टाकला होता का? सपाटीकरण केलं का?' २०१७पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या सरकारी योजनेत बऱ्याच ठिकाणी गाळ पसरला. तो गाळ म्हणजे दुसऱ्याच शेतांची वाहून आलेली माती, सिझियमसकट. एका वावरात आमचे आकडे उताराच्या मधोमध फुगले. आम्ही दोन दिवस यंत्रालाच दोष देत होतो. काकांनी सांगितलं, 'तिथं चार ट्रॉल्या टाकल्या होत्या ना.' असं वावर सोडून द्या.

पदव्युत्तर प्रबंधाला दोन वर्षं असतील तर मी सिझियम घेईन, आणि बांधाचीच परीक्षा असेल तर बेरिलियम. मात्र यंत्राची तारीख आधी पक्की करा. ऑगस्टात काढलेला नमुना दिवाळीनंतर मोजायला घेतला, तर त्यातलं निम्म्याहून जास्त बेरिलियम विरून गेलेलं असतं.