मिनी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना वजन: पाणी भरावं, बीड लावावं की मागे टांगावं?

वीस-पंचवीस एचपीचा मिनी ट्रॅक्टर नांगराला लावला की इंजिन सहसा कमी पडत नाही. इंजिनात जोर असतो, पण तो जमिनीत उतरत नाही. गाडीचं वजन जेमतेम 650 ते 850 किलो. चाक जागेवर फिरतं, माती मागे फेकतं आणि डिझेल जळत राहतं. मग कुणी सांगतं टायरात पाणी भर, कुणी म्हणतं बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, वजनं लाव.

त्याआधी रोजचं काम कोणतं ते बघा. द्राक्षाच्या, डाळिंबाच्या बागेत मिनी ट्रॅक्टर बहुतेक वेळ रोटाव्हेटर आणि फवारणीचा ब्लोअर चालवतो. रोटाव्हेटरची पाती ट्रॅक्टरला उलट पुढे ढकलतात, तिथे ओढ जवळपास नसतेच. अशा गाडीला शंभर किलो जास्त लावले तर मुळांजवळची माती दाबली जाईल आणि डिझेल वाढेल, दुसरं काही नाही. वजन लागतं ते नांगराला, खोल कल्टिव्हेटरला आणि भरलेल्या ट्रॉलीला.

चाक किती स्लिप होतंय ते मोजता येतं, अंदाज कशाला? मागच्या टायरवर खडूने खूण करा. अवजार वर उचलून शेतातच चाकाचे 10 फेरे होईपर्यंत चाला आणि सुरुवातीला व शेवटी काठी रोवा. आता नांगर नेहमीच्या खोलीवर सोडून तेवढंच अंतर जा आणि फेरे मोजा. साडेअकरा झाले तर दीड फेरा वाया गेला, म्हणजे स्लिप 13 टक्के. 8 ते 15 टक्क्यांच्या आत असेल तर वजनावर खर्च करू नका. मोजायचा कंटाळा असेल तर टायरचा ठसा बघा. गुटख्यांचा, म्हणजे टायरवरच्या रबरी उंचवट्यांचा, ठसा साच्यासारखा स्वच्छ उमटला तर वजन जास्तच आहे. सगळा पुसून गेला तर कमी आहे. कडेला दिसतो, मधे तुटलेला आहे, तर बरोबर आहे.

फुकटातले दोन उपायही आधी करा. रस्त्यासाठी टणक भरलेली हवा शेतात कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर आणा, टायर जास्त जमीन धरतो. आणि हायड्रॉलिकमध्ये ड्राफ्ट कंट्रोल (ओढ वाढली की अवजार आपोआप थोडं उचलणारी सोय) असेल तर नांगरताना तोच लिव्हर वापरा. अवजाराचं आणि त्यावर येणाऱ्या मातीचं काही वजन तो मागच्या चाकांवर घेतो. कितीतरी जण हा लिव्हर वर्षानुवर्षं हलवतच नाहीत. काळ्या जमिनीत वाफसा नसताना गुटख्यांत चिखल बसला असेल, तर कितीही वजन लावा, उपयोग शून्य. तिथे थांबणं हाच उपाय. भाताच्या चिखलणीत तर वजनाने गाडी आणखी रुतते, तिथे लोखंडी केज व्हील, म्हणजे पिंजऱ्यासारखी चाकं, लागतात.

एवढं करूनही स्लिप 15 च्या वर असेल तर मग खरी निवड.

पाणी सगळ्यात स्वस्त. 8.00-18 सारख्या मागच्या टायरात साधारण 40 लिटर बसतं, म्हणजे दोन चाकांत मिळून 80 किलोच्या आसपास. मोठ्या ट्रॅक्टरच्या 13.6-28 टायरात एका चाकातच दीडशे लिटरच्या वर जातं, म्हणून मोठ्या गाडीवाल्याचा अनुभव मिनीला तसाच लागू करू नका. भरायची पद्धत सोपी आहे. चाक जॅकवर उचला, व्हॉल्व्ह अगदी वर आणा, आतली पिन काढा आणि टाकीचा पाइप लावा. हवा बाहेर जायला वाट देणारं नोझल नसेल तर मधूनमधून पाइप काढून हवा सोडावी लागते. पाणी व्हॉल्व्हच्या पातळीला आलं की टायर सुमारे 75 टक्के भरला. तिथे थांबून पिन बसवायची आणि उरलेल्या जागेत हवा भरायची. टायर पूर्ण भरला तर धक्का घ्यायला हवाच उरत नाही. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून कॅल्शियम क्लोराइड मिसळतात, आपल्याकडे त्याची गरज नाही. रेडियल टायर असेल तर मात्र कंपनीला विचारल्याशिवाय पाणी भरू नका.

पाण्याचा तोटा पंक्चरच्या दिवशी कळतो. चाक जड, आतून पाणी वाहतंय आणि पंक्चरवाल्याचा चेहरा बघण्यासारखा. दुसरं म्हणजे हे वजन सकाळी लावलं, संध्याकाळी काढलं असं होत नाही. बागेत फिरतानाही ते बरोबरच असतं.

बिडाची वजनं नेमकी तिथे सरस. चाकाच्या डिस्कला बोल्टने लागतात, नांगरणी संपली की उतरतात आणि पंक्चरला आड येत नाहीत. पैसे जास्त जातात. ती आपल्याच मॉडेलची हवीत, कारण बोल्टची भोकं जुळली पाहिजेत. एकेक वजन उचलायला दोन माणसं घ्या, पायावर पडलं तर हंगाम गेला. बोल्ट पहिल्या दिवसाच्या कामानंतर पुन्हा आवळा. ओळी अरुंद असतील तर वजन रिमच्या बाहेर किती येतं तेही मोजून घ्या.

तिसरा पर्याय, म्हणजे मागच्या थ्री पॉइंटवर (अवजार जोडायच्या तीन दांड्यांवर) काँक्रीट भरलेली पेटी टांगणं, कागदावर सगळ्यात जोरदार आहे. दोन अॅक्सलमधलं अंतर दीड मीटर आणि पेटी मागच्या अॅक्सलपासून पाऊण मीटर मागे धरली, तर 100 किलोच्या पेटीने मागे 150 किलो येतात. जादाचे 50 पुढच्या चाकांवरून उचललेले असतात. पुढच्या अॅक्सलवर एकूण वजनाच्या निदान 20 टक्के राहिलं नाही तर स्टिअरिंग हलकं पडतं आणि चढावर पुढची चाकं उचलायला लागतात. शिवाय पेटी टांगली की नांगर कुठे जोडणार? पुढे लोडर किंवा डोझर लावणाऱ्याला ही पेटी हवीच. नांगरणाऱ्याच्या ती कामाची नाही. मडगार्डवर किंवा अवजारावर माणूस बसवणं हा वजनाचा पर्याय नव्हे, तो अपघात आहे.

माझं मत विचाराल तर, स्वतःच्या शेतीबरोबर भाड्याने नांगरणी करत असाल आणि गाडी बहुतेक ओढकामालाच असेल, तर आधी पाणी भरा. पुन्हा स्लिप मोजा आणि उरलेली कसर बिडाने भरा. बाग मुख्य आणि नांगरणी वर्षातून थोडेच दिवस असेल तर फक्त बीड, तेही काम झाल्यावर उतरवायचं. फोर व्हील ड्राइव्हला आधी गरज आहे का तेच तपासा, तिथे पुढची चाकंही ओढतात.

सगळं मिळून किती लावायचं याची मर्यादा पुस्तिकेत असते, ती ओलांडू नका. चाक घसरतं तेव्हा गिअर आणि अॅक्सल वाचतात. वजन वाढवून घसरणं पूर्ण बंद केलं तर तोच ताण आत जातो, आणि मिनी ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स काही पन्नास एचपीवाल्याचा नसतो. ट्रॉलीचं जोडणं मात्र वजन लावलेलं असो वा नसो, खालच्या हुकालाच. टॉप लिंकच्या, म्हणजे थ्री पॉइंटच्या वरच्या दांडीच्या, उंचीवर ओढ दिली तर ट्रॅक्टर मागे उलटतो.

आणि गाडी जुनी घेतलेली असेल तर काही विकत आणण्याआधी व्हॉल्व्ह खाली आणून पिन दाबून बघा. आधीच्या मालकाने पाणी भरून ठेवलेलं असू शकतं.